सेमिनरीतला वेळ आणि तुझा प्रश्न

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझा मेसेज निवांत बसून वाचला. पाळक व्हायला सेमिनरीत शिकतोयस, तिथे सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, मग लेक्चर्स, दुपारी ग्रीक, संध्याकाळी कुणाची तरी भेट, शनिवारी तरुणांची मीटिंग, रविवार अख्खा चर्चमध्ये, मग पेपर लिहायचा कधी असं विचारलंयस. आणि शेवटी लिहिलंयस की मी बहुतेक आळशीच आहे. ते मला अजिबात पटलं नाही, आळशी माणसाचा आठवडा असा नसतो रे. तुझी अडचण ही आहे की तुझ्याकडे येणारं प्रत्येक काम चांगलं असतं, देवाच्या नावाने येतं, आणि त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. सिनेमाला चल म्हणणाऱ्या मित्राला टाळता येतं, प्रार्थनेला चल म्हणणाऱ्याला कसं टाळणार?

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगतो. सध्या अभ्यास हीच तुझी सेवा आहे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून बघ, आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा झालेलं, येशू कितीतरी आजाऱ्यांना बरं करतो, मग पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि शिमोन वगैरे शिष्य शोधत येऊन सांगतात की सगळे तुलाच शोधतायत, तर तो म्हणतो आपण दुसरीकडे, आसपासच्या गावांत जाऊ. लोक वाट बघत असतानाही तो निघाला, कारण कशासाठी आलोय हे त्याला पक्कं माहीत होतं. तुला पुढे आयुष्यभर लोकांना वचन शिकवायचंय ना, मग त्याची तयारी करायला मिळालेली ही मोजकी वर्षं दुसऱ्या कामांना वाटून टाकू नकोस. तुझ्या पास्टरांशी स्पष्ट बोल, एका सेमिस्टरला एकच जबाबदारी घे, आणि बाकीच्यांना प्रेमाने सांग की या सेमिस्टरला हे घेतलंय, पुढच्या वेळी बघू. काही जण नाराज होतील, होऊ दे.

आता भाषांबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि सगळ्यात जास्त वाचतोही तिथेच. ग्रीक नव्या करारात वेगवेगळे शब्द साधारण ५,४०० आहेत, पण ५० किंवा जास्त वेळा येणारे शब्द ३१० च्या आसपासच आहेत आणि तेवढे पाठ असले की मजकुरातले जवळपास ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. म्हणजे डोंगर वाटतो तेवढा मोठा नाहीये. पण हे शब्द शनिवारी चार तास बसून पाठ होत नाहीत, झाले तरी मंगळवारपर्यंत उडतात. रोज वीस मिनिटं, सकाळी डोकं ताजं असताना, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, कार्ड हातात घेऊन मोठ्याने म्हण. लूओ, लूएइस, लूएइ (मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो) हे कानात बसलं पाहिजे, नुसत्या डोळ्यांनी वाचून ते बसत नाही. जुन्या कराराच्या हिब्रूत तीन अक्षरांचं मूळ ओळखायची सवय लाव, मेलेख म्हणजे राजा, मालाख म्हणजे त्याने राज्य केलं, मलखूत म्हणजे राज्य, एक मूळ सापडलं की मागोमाग बरेच शब्द येतात. आणि ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो ना, ते शेवटी वापर, आधी स्वतः झगड. आज वाचवलेली ती दहा मिनिटं परीक्षेच्या आधी भरून द्यावी लागतात.

एक्सेजेसिस पेपरचं, म्हणजे बायबलच्या एखाद्या उताऱ्याचा अर्थ उलगडून लिहायच्या पेपरचं पण तेच. उतारा मिळाला की मुलं पहिल्यांदा पाच कॉमेंट्रीज, म्हणजे विद्वानांची भाष्यं, उघडून बसतात, मग पाच विद्वानांची पाच मतं डोक्यात आणि स्वतःचं एकही नाही, त्या गोंधळात दोन दिवस जातात. आधी तू स्वतः उताऱ्याचं भाषांतर कर, वाक्यं कुठे जोडलीयत, कुठे 'म्हणून' आलंय, कुठला शब्द परत परत येतोय ते कागदावर लिही, तुझे प्रश्न लिही, आणि मग कॉमेंट्री उघड. आता तुला नेमकं काय शोधायचंय ते माहीत असतं, तेवढं वाचून पुस्तक बंद करता येतं. अजून एक, नोट्स काढताना प्रत्येक ओळीपुढे पान नंबर तिथल्या तिथे टाक. रात्री साडेबाराला पेपर झालाय, फक्त तळटीपा राहिल्यात, आणि ते एक वाक्य कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर होतं ते सापडत नाही, पुस्तक तर लायब्ररीत परत गेलंय, हे मी दर सेमिस्टरला कुणा ना कुणाच्या बाबतीत बघतो.

रीडिंग लिस्टमधलं प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं नसतं. प्रस्तावना, अनुक्रमणिका, शेवटचं प्रकरण बघ आणि ठरव. पण दोन-तीन पुस्तकं मात्र हळूहळू, पेन्सिल घेऊन वाच.

प्रार्थना की अभ्यास, हा तुझा दुसरा प्रश्न. १९११ मध्ये प्रिन्स्टन सेमिनरीत तिथलेच प्राध्यापक बी. बी. वॉरफिल्ड विद्यार्थ्यांशी याच विषयावर बोलले होते. दहा तास पुस्तकात घालवण्यापेक्षा दहा मिनिटं गुडघ्यांवर घालवली तर देव जास्त कळतो असं लोक म्हणायचे, त्यावर त्यांचं म्हणणं असं की तेच दहा तास गुडघ्यांवर बसून पुस्तकात घालवले तर? मला हे फार पटतं, पुस्तक उघडायच्या आधी अर्धा मिनिट प्रार्थना कर आणि तो अभ्यास देवापुढे ठेव. तरीपण असाइनमेंटसाठी वाचलेलं बायबल आणि स्वतःसाठी वाचलेलं बायबल यांची अदलाबदल करू नकोस. रोज पाच स्तोत्रं वाचलीस तर १५० स्तोत्रं तीस दिवसांत होतात, त्यावर उपदेश करायचा नाही, नोट्स काढायच्या नाहीत, नुसतं वाचायचं.

रविवार तुझ्यासाठी विश्रांतीचा नाही हे मान्य कर आणि दुसरा वार शोध, पूर्ण दिवस जमत नसेल तर दुपारपासून रात्रीपर्यंत तरी. झोप कापू नकोस. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला दिलं, आणि मग पुढच्या प्रवासाची गोष्ट. घरी फोन करायचा वार पण ठरवून टाक, आईला तू ग्रीक नामांच्या कितव्या डिक्लेन्शनवर आहेस याच्याशी काही देणंघेणं नाही, तिला तुझा आवाज ऐकायचा असतो.

आता एक काम आजच कर. सगळ्या विषयांचे सिलॅबस समोर घे, प्रत्येक पेपरची तारीख एकाच कॅलेंडरवर लिही, आणि प्रत्येकाच्या एक आठवडा आधी तुझी स्वतःची तारीख टाक. कुठल्या आठवड्यात तीन पेपर एकावर एक येतायत ते लगेच दिसेल, त्या आठवड्यात चर्चमध्ये उपदेश करायचं काम घेऊ नकोस, कुणीही विचारलं तरी. कॅलेंडर झालं की फोटो पाठव, आणि पास्टरांशी बोलून काय ठरलं तेही कळव.

तुझा,
दादा