बटण सपाट की उठावदार?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या अ‍ॅपमधली सपाट बटणं नुसती अक्षरं वाटतात, सभासद दाबतच नाहीत. विंडोज ९५ सारखा उठाव आणावा का?

उत्तर : इतकं मागे जायला नको. तिथे बटणाच्या वरच्या-डाव्या कडेला उजळ, खालच्या-उजव्या कडेला गडद रेघ असे. दाबलं की उलट. २०१३ च्या आयओएस ७ ने (आयफोनची प्रणाली) बऱ्याच बटणांची चौकटच काढली आणि पुढे अनेकांनी तेच गिरवलं. तुम्ही बटणाला भरीव रंग द्या. अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण, किमान ४.५:१ हवा. सावली २ पिक्सेल खाली, ४ पिक्सेल धूसर, २५ टक्के काळी. दाबताच ती घालवा. शिल्लक दाखवणाऱ्या चौकटीला मात्र सावली नकोच, नाहीतर लोक तीच दाबत बसतील.