पडद्याआडचा घोडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला गेले असताना घोडागाड्यांची शर्यत पाहण्याचा योग आला. वळणावर एक घोडा अडखळून पडला आणि मागच्या दोन गाड्या त्याच्यावर आदळल्या. तो उठला नाही. त्याच्याभोवती पडदा धरला गेला आणि थोड्याच वेळात पुढची शर्यत सुरूही झाली. पाय मोडला म्हणजे घोड्याला मारावेच लागते का? आणि अशा मृत्यूला नुसता अपघात म्हणायचे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आपण पाहिलेले घोडे ‘स्टँडर्डब्रेड’ जातीचे. पाठीवर स्वार घेण्याऐवजी ते ‘सल्की’ नावाची दोन चाकांची हलकी गाडी ओढतात आणि चौखूर न उधळता दुडक्या किंवा एका अंगाचे दोन्ही पाय एकाच वेळी टाकण्याच्या चालीने साधारण एक मैल धावतात. चाल मोडली तर हाकणाऱ्याला घोडा आवरावा लागतो. पाठीवर भार नाही आणि चौखूर धावणे नाही, त्यामुळे या शर्यतींत हाडे मोडून घोडे मरण्याचे प्रमाण पाठीवर स्वार घेऊन चौखूर धावणाऱ्या ‘थरोब्रेड’ जातीच्या घोड्यांच्या शर्यतींपेक्षा कमी असते. मात्र गाड्या एकमेकींना खेटून धावत असल्याने एक घोडा पडला की मागच्यांना वाट उरत नाही. चाकाच्या आऱ्यांत पाय अडकू नये म्हणून चाके चकत्यांनी झाकतात, आणि अमेरिकेतील अनेक धावपट्ट्यांवर आतला पक्का कठडा काढून तेथे लवचीक खुंट्या लावल्या, कारण कठड्यावर आदळून माणसे आणि घोडे दोन्ही जखमी होत असत.

आता पाय मोडण्याविषयी. प्रत्येक मोडलेल्या पायाला मृत्यू हेच उत्तर नसते. काही अस्थिभंग स्क्रू घालून बरे होतात. पण नळीच्या हाडाचे तुकडे होऊन कातडी फाटली असेल, तर जवळजवळ साडेचारशे किलोंचे ते जनावर उरलेल्या तीन पायांवर आठवडेच्या आठवडे उभे राहू शकत नाही, आणि आडवे ठेवले तर त्याच्या फुप्फुसांवर व आतड्यांवर ताण येतो. सगळा भार पडलेल्या चांगल्या पायाच्या खुराच्या आतले, हाड धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, सुटतात, आणि हाड तळव्याकडे सरकू लागते. त्या वेदनेने उभा थरथरणारा, धड पायही न टेकणारा घोडा ज्याने पाहिला आहे, त्याला वेळेवर दिलेले इंजेक्शन क्रौर्य वाटत नाही. म्हणून पडद्याचा राग धरू नका; त्याआड डॉक्टरला शांतपणे काम करता येते.

माझा आक्षेप ‘अपघात’ या शब्दाला आहे. शर्यतीच्या घोड्याचे हाड पुष्कळदा एका क्षणात मोडत नाही. रोजच्या धावण्याने पडलेले बारीक तडे भरून येण्याआधीच त्याला पुन्हा पळवले जाते, आणि शवविच्छेदनात ते जुने तडे सापडतात. खुरावरच्या सांध्याला हात लावला की तो गरम लागतो, घोडा पाय किंचित उचलून धरतो. तेव्हाच विश्रांती द्यायला हवी. वेदनाशामक देऊन ही खूण दडपणे माझ्या मते गुन्हाच आहे. मार्च 2020 मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय अभियोक्त्यांनी घोड्यांना बेकायदा औषधे दिल्याबद्दल ज्यांच्यावर आरोप ठेवले, त्यांत घोडागाडीच्या शर्यतींतले प्रशिक्षकही होते. तरीही त्याच वर्षी झालेल्या संघीय कायद्यातील सुरक्षेचे नियम थरोब्रेडनाच लागू आहेत. राज्याने किंवा त्या जातीच्या संघटनेने स्वतःहून स्वीकारल्याखेरीज स्टँडर्डब्रेड त्यांच्या बाहेरच राहतात. मला हे असह्य वाटते.

मृत्यू धावपट्टीवरच येतो असेही नाही. जानेवारी 2016 मध्ये कॅनडातील ओंटारिओमधल्या पुस्लिंच येथे एका प्रशिक्षण केंद्राच्या तबेल्याला आग लागली आणि 43 घोडे गेले. कप्प्याचे दार बाहेरून लावलेले असताना घोडा स्वतः सुटू शकत नाही, म्हणून तबेल्यातली वायरिंग आणि रात्रीची राखण हा घोड्याच्या आरोग्याचाच भाग समजला पाहिजे.

आपल्याला त्या घोड्याविषयी खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर न्यू जर्सी रेसिंग कमिशनला मुलाकडून पत्र पाठवा. तारीख, शर्यतीचा क्रमांक आणि घोड्याचा क्रमांक लिहा, आणि दोनच गोष्टी विचारा: शवविच्छेदन झाले का, आणि आधीच्या काही आठवड्यांत त्याच्यावर कोणते उपचार झाले होते.