खानदेशातून सुरतला गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करताना कुटुंबप्रमुखाची एकच मुलाखत पुरते का?

तुम्ही विचारले आहे की, खानदेशातून सुरतला स्थायिक झालेल्या कुटुंबांतील स्त्री-पुरुषांच्या भूमिकांवर प्रबंध लिहिताना ठरीव प्रश्नावली वापरावी की मोकळी मुलाखत घ्यावी, किती कुटुंबे निवडावीत, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणतात त्याप्रमाणे प्रत्येक घरातून कुटुंबप्रमुखाची एकच मुलाखत पुरेशी आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण असे की, याच प्रश्नावर मी एका प्रकल्पातून बाहेर पडले होते आणि माझी भूमिका आजही तीच आहे.

मी शिंदखेडा तालुक्यातली, घरी अहिराणी बोलणारी. पदव्युत्तर शिक्षणानंतर एका संशोधन संस्थेच्या स्थलांतरविषयक प्रकल्पात क्षेत्र-अन्वेषक म्हणून काम करत होते. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार आणि जळगावची इतकी माणसे आहेत की काही गल्ल्यांत गुजरातीपेक्षा अहिराणीच अधिक कानी पडते. लिंबायतमधल्या एका खोलीत मी प्रश्नावली घेऊन बसले होते. घरधनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात बारा तासांची रात पाळी करणारे. पाळीवर जाण्यापूर्वी त्यांनी मला वेळ दिला होता. बायको भिंतीला टेकून मांडीवर साडी पसरून बसली होती आणि काडीच्या टोकाने एकेक खडा उचलून डिंकाच्या ठिपक्यावर बसवत होती. 'स्थलांतराचा निर्णय कोणी घेतला?' या प्रश्नावर ते म्हणाले की निर्णय त्यांचाच. शेतीत काही उरत नव्हते, एका ओळखीच्या माणसाने खोली पाहून दिली आणि ते आले, मागाहून बायको-मुलांना आणले. बायकोने मान हलवून दुजोरा दिला. 'पत्नीचा व्यवसाय' या रकान्यासाठी विचारले तेव्हा 'घरीच असते' असे उत्तर आले, आणि तेही तिनेच दिले, हातातली काडी न थांबवता.

ते पाळीवर निघून गेले. मी पाणी पिऊन उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "त्यासले काय इचारतस, माले इचारा ना." पुढे तिने जे सांगितले त्यात तीच घटना होती, पण तिचे सूत्र वेगळे होते. जमीन एकत्र होती आणि कापसाचे पैसे थोरल्या दिराच्या हाती येत. धाकट्याच्या बायकोला मुलाच्या औषधासाठीही मागावे लागे. तिचा भाऊ आधीपासून उधन्याला लूमवर होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली तेव्हा तिने त्याच्याशी बोलून नवऱ्यासाठी जागा पक्की केली, खोलीच्या डिपॉझिटसाठी माहेरच्या पाटल्या मोडल्या, आणि सासऱ्यांनी विरोध केला तेव्हा नवरा डगमगत असताना तीच ठाम राहिली. नवऱ्याच्या सांगण्यातील 'ओळखीचा माणूस' म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

तो गृहस्थ खोटे बोलत होता असे मी कधीही म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. मेहुण्याच्या आधाराने उभा राहिला, बायकोच्या दागिन्यांवर संसार मांडला, ही गोष्ट आपल्याकडे भाऊबंदकीत कमीपणाची मानली जाते. म्हणून ती परक्या माणसासमोर, विशेषतः कागदावर लिहून घेणाऱ्या बाईसमोर, सांगितली जात नाही. बायकोने त्याच्यासमोर मान हलवली हेही तितकेच खरे वागणे होते, कारण चारचौघांत नवऱ्याचा शब्द राखणे हे तिच्या भूमिकेचाच भाग होते. तुम्ही ज्याला लिंगभाव म्हणता तो नेमका या दोन सांगण्यांमधल्या अंतरात होता आणि एकच मुलाखत घेतली असती तर तो दिसलाच नसता.

मी दोन्ही उत्तरे लिहून पाठवली आणि शेजारी नोंद केली की पहिल्या उत्तरावेळी पती उपस्थित होता व दुसऱ्या वेळी नव्हता. प्रकल्पप्रमुखांचे म्हणणे असे होते की एका कुटुंबाची दोन उत्तरे तक्त्यात बसत नाहीत, बायकांना सालवारी आठवत नाही आणि विसंगती आढळल्यास कुटुंबप्रमुखाचे उत्तर ग्राह्य धरावे. कार्यालयात माझ्या नोंदी 'दुरुस्त' करण्यात आल्या आणि अहवालात त्या घरासमोर 'निर्णय : पती' एवढेच छापले गेले. तुमच्या मार्गदर्शकांचा आग्रह वाचून मला तीच भाषा पुन्हा ऐकू आली. उत्तरांतील विसंगती मिटवण्याचा अधिकार अन्वेषकाला नाही. ती जशीच्या तशी मांडून दोघांनी वेगवेगळे का सांगितले असावे याचा शोध घेणे हेच या विषयाचे संशोधन आहे, आणि तक्त्यात ते बसत नसेल तर तक्ता बदलावा.

हा प्रश्न केवळ एका खोलीपुरता नाही. जनगणनेत 1981 पासून स्थलांतराचे कारण विचारले जाते आणि प्रत्येक व्यक्तीसाठी एकच मुख्य कारण नोंदवले जाते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित होते, त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे कारण 'विवाह' असे नोंदले गेले. लग्न करून धुळ्याहून सुरतेला आलेली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून साड्यांना खडे लावू लागलेली बाई या आकड्यात विवाहामुळे आलेली ठरते. तिने स्थळ निवडताना सुरतच का पाहिली, हे त्यात कुठेही येत नाही. तो आकडा खोटा नाही, पण तुमचा प्रबंध त्याच्या पलीकडे जाणार नसेल तर प्रत्यक्ष जाऊन मुलाखती घेण्याचे प्रयोजन काय?

प्रश्नावली की मोकळी मुलाखत, या वादात फार वेळ घालवू नका. वय, शिक्षण, खोलीचे भाडे, जमीन हे छापील कागदावर घ्या; बाकीचे मोकळे ठेवा. मोकळे म्हणजे दिशाहीन नव्हे. 'घरकाम कोण करते?' असे विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते. 'कालचा दिवस सांगा' असे म्हटले की घर उलगडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारला होता. त्यातून असे दिसले की घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. तुम्हाला मिनिटे मोजायची नसली तरी पद्धत तीच घ्या : नळाला पाणी कधी आले, भरले कोणी, रात पाळीवरून आलेला माणूस झोपला असताना मुलांना गप्प कोणी ठेवले, साड्यांचे गाठोडे ठेकेदाराकडे कोण पोहोचवून आले आणि त्याचे पैसे कोणाच्या हातात पडले. 'घरीच असते' म्हणणारी बाई दिवसाचे किती तास मजुरी करते, हे अशा प्रश्नांनंतर तिला स्वतःलाही मोजून सांगता येते.

बायकांना सालवारी आठवत नाही, हा आक्षेप मला विशेष खटकतो. साल पुरुषांनाही आठवत नाही. ते अंदाजाने ठोकून देतात एवढेच. यावर उपाय म्हणजे मुलाखतीला जाण्यापूर्वी घटनांचे एक पान तयार करणे. सुरत आणि खानदेशासाठी माझे पान असे असे : 1972 चा दुष्काळ, सप्टेंबर 1994 मधील सुरतचा प्लेग, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते वर्ष, ऑगस्ट 2006 मधील तापीचा महापूर, नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आणि मार्च 2020 ची टाळेबंदी. यांच्या शेजारी त्या घरातील जन्म, लग्ने आणि मृत्यू लिहायचे. 'प्लेगमध्ये गावी पळालो तेव्हा मोठी मुलगी कडेवर होती, मुलगा झालेला नव्हता' असे बाई सांगते तेव्हा दोन-तीन प्रश्नांत साल पक्के होते, आणि शाळेच्या दाखल्याशी पडताळले तरी ते बहुधा टिकते. त्याच पानावर पूर आला त्या वर्षी सामान पोटमाळ्यावर कोणी चढवले, टाळेबंदीत गावी जायचे की थांबायचे हे कोणाच्या शब्दाने ठरले, असे प्रश्न आपोआप जोडले जातात. निर्णय कोण घेते, हे अशा प्रसंगांतूनच कळते. 'तुमच्या घरी निर्णय कोण घेते?' असा सरळ प्रश्न कोणालाही विचारू नका.

कुटुंबात कोणाला मोजायचे, हेही शिधापत्रिकेवरून ठरवू नका. सुरतेतील खोलीत चार माणसे असतात, शिधापत्रिका गावाकडे असते आणि तिच्यावर आठ नावे असतात. श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या वेळी हीच माणसे सुरत, नाशिक, मुंबईहून गावी परततात आणि रोटांना, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांना, सगळी भाऊबंदकी एकत्र येते. पुष्कळ घरांत रोटांचे गहू घरातील पुरुषांच्या नावाने मुठी-मुठीने मोजून घेतले जातात. जन्मलेल्या मुलाची मूठ पडते, मुलीची पडत नाही. एकदा त्या वेळी गावात जाऊन बसा. कोणाच्या नावाने मूठ घेतली, कोण वेगळे रोट करू लागले आणि ते कोणत्या भांडणानंतर, एवढे समजून घेतले तर त्या घराची वंशावळ, वाटणी आणि वैर एकाच बैठकीत कळते. त्यानंतर बायकांना विचारा की तुमच्या माहेरचे कोण सुरतेला आहे, कारण माहेरची साखळी या मोजणीत दिसतच नाही आणि लिंबायतच्या त्या घरासारखी कित्येक घरे त्याच साखळीने शहरात पोहोचलेली आहेत.

बायकांच्या मुलाखतींसाठी आखाजीचे दिवस सर्वांत चांगले. माहेरी आलेली लेक जे बोलते ते ती सासरच्या ओट्यावर बोलणार नाही. मात्र सणाचे दिवस तिच्या हक्काचे आहेत, तेव्हा ती म्हणेल तेवढाच वेळ बसा. सुरतेत जायचे असेल तर दुपारी जा, आणि पुरुषाला सुट्टीच्या दिवशी स्वतंत्र भेटा. पुरुषांनाही एकट्याने भेटण्याची तितकीच गरज असते. आईवडिलांना गावी सोडून आल्याचा सल भावासमोर किंवा बायकोसमोर न बोलणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. वेगळी मुलाखत घेण्याचा हट्ट धरल्याने बाईला नंतर घरात जाब द्यावा लागणार असेल, तर ती घेऊ नका. एका जोडीदाराने सांगितलेले दुसऱ्यासमोर पडताळायला काढू नका, आडवळणानेही नाही. एकत्र मुलाखत निरुपयोगी नसते. कोण कोणाचे वाक्य पूर्ण करते, कोण कोणाकडे पाहून थांबते, हे तिथेच दिसते, म्हणून आधी एकत्र आणि मग वेगवेगळे असा क्रम ठेवावा. नाव बदलले म्हणजे ओळख लपली असेही समजू नका. गाव, सुरतेतील नगर आणि धंदा या तीन गोष्टी दिल्या तर भाऊबंदकीतला कोणीही माणूस घर ओळखतो, तेव्हा गाव तालुक्याच्या पातळीवरच ठेवा.

आणि हे सर्व सुरतेत खोली घेऊन राहिलेल्या कुटुंबांना लागू पडते. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी वेगळी मांडणी लागेल. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात बारडोली भागात खानदेशातून येणाऱ्या या मजुरांचा अभ्यास केला होता. तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून पुरुषाच्या हाती येते आणि फेडताना दोघांचे अंग झिजते. फडावर मुकादमाच्या नजरेसमोर मुलाखत घेण्यात अर्थ नाही. माणसे गावी परतल्यावरच भेटावे.

किती कुटुंबे, हा प्रश्न उरला. पदव्युत्तर प्रबंधासाठी शंभर कुटुंबप्रमुख घेण्यापेक्षा बारा-पंधरा घरे घ्या आणि प्रत्येक घरात नवरा, बायको आणि जमल्यास गावी राहिलेली सासू, अशा तिघांशी बोला. ध्वनिमुद्रण संमती घेऊनच करा आणि लिप्यंतर अहिराणीतच ठेवा. प्रत्येक मुलाखतीच्या पहिल्या पानावर 'त्या वेळी खोलीत आणखी कोण होते' असा रकाना छापून घ्या. मार्गदर्शकांनी तो काढायला सांगितला, तर त्यांच्याकडून तसे लेखी मागा.