बाकाचे हात आणि त्यावरून पेटलेला वाद

प्रश्न : सार्वजनिक जागांसाठी बाक, दिशाफलक, उतार अशा गोष्टींचे डिझाइन करणाऱ्या एका लहान गटाची मी संयोजक आहे. नव्या बाकाच्या मध्यभागी हात असावेत की नसावेत, यावरून आमच्या बैठकीत इतका कडाक्याचा वाद झाला की दोन सहकाऱ्यांनी एकमेकांशी बोलणेच सोडले आहे. एकाच्या मते असे हात म्हणजे बेघरांना हुसकावण्याची युक्ती आहे. दुसरीचे म्हणणे असे की, हातांच्या आधाराशिवाय वृद्धांना उठता येत नाही. असे विषय बैठकीबाहेरच ठेवलेले बरे नाही का? — एक वाचक

उत्तर : नाही. बाकाला हात लावणे हा मुळातच सामाजिक निर्णय आहे. चर्चा टाळली तरी तो निर्णय होतोच. फक्त तो कोणाच्या गैरसोयीच्या बदल्यात झाला, हे कोणी विचारत नाही.

आपल्या दोन्ही सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना तळहातांवर भार देऊन शरीर वर रेटावे लागते, त्यामुळे बिनहातांच्या बाकावर बसणेच तो टाळतो. दुसरीकडे, मधल्या हातांमुळे बाकावर आडवे होता येत नाही आणि अनेक ठिकाणी ते नेमके त्याच हेतूने बसवले जातात, हेही खरे. म्हणून पहिला प्रश्न हेतूचा असावा. हेतू वृद्धांच्या सोयीचा असेल, तर दोन्ही टोकांना हात देऊन आणि तिसरा हात एका बाजूला सरकवून उरलेला भाग लांब मोकळा ठेवता येतो. कोणी तिथे झोपू नये हाच हेतू असेल, तर तो बैठकीत त्याच शब्दांत मांडावा. वृद्धांना पुढे करून हा हेतू लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि तसे होत असेल तर कितीही सौम्य भाषा वापरली तरी ती चर्चा आदराची ठरत नाही.

खऱ्याखुऱ्या गरजाही एकमेकींच्या आड येतात, हे पदपथांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना पदपथाची कड रस्त्याला समतल हवी असते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला मात्र पदपथ संपल्याची खूण त्याच कडेवरून मिळते. यात चूक कोणाचीच नाही. जपानमधील सेइइची मियाके यांनी दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या आणि त्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवण्यात आल्या. अशा फरशा उतारापाशी बसवल्या की कड समतल ठेवूनही पायाला आणि काठीला इशारा मिळतो. तरीही प्रश्न पुरता मिटत नाही, कारण हेच उंचवटे सांधेदुखी असलेल्या काही लोकांना टोचतात. म्हणून ते किती रुंदीच्या पट्ट्यात आणि नेमके कुठे बसवावेत, याचा विचार प्रत्येक ठिकाणी नव्याने करावा लागतो.

वाद कसा घालावा याविषयी अनातोल रॅपोपोर्ट या अभ्यासकाने सुचवलेला नियम आपल्या गटाला उपयोगी पडेल असे वाटते. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत असे मांडायचे, की ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे तो स्वतः म्हणेल. उत्तर त्यानंतरच द्यायचे. नियम साधा दिसतो, पण पाळताना जड जातो, कारण आपण समोरच्याच्या म्हणण्यातला सर्वांत कच्चा भाग उचलतो आणि त्यालाच उत्तर देतो. ‘तुम्हाला गरिबांची पर्वा नाही’ हे वाक्य माणसाविषयी बोलते. ‘या मापाच्या बाकावर आडवे होता येणार नाही’ हे बाकाविषयी बोलते आणि ते मोजून तपासता येते.

एक मर्यादाही सांगायला हवी. एखाद्या समूहाला त्या जागेत असण्याचाच हक्क नाही, असे कोणी म्हणू लागले, तर तो डिझाइनमधला मतभेद राहत नाही. संयोजक म्हणून आपण तिथे चर्चा थांबवावी आणि त्याचे कारणही सांगावे.

सर्वांचे समाधान होईल असा बाक कदाचित मिळणारही नाही. त्या वेळी कोणाची सोय पाहिली, कोणाची गैरसोय पत्करली आणि का, हे निर्णयाच्या नोंदीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणालाही त्यावर बोट ठेवता येईल. तोवर लाकडाचा एक कच्चा नमुना बनवून घ्यावा, त्यावर वृद्धांना आणि उघड्यावर राहणाऱ्यांनाही बसून पाहण्याची विनंती करावी, आणि त्या वेळी आपल्या दोन्ही सहकाऱ्यांना टिपणे घेण्याचे काम एकत्र द्यावे.