काजळी, ऊन आणि तुमचे गाल

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. १४ वर्षं टोलनाक्याच्या खिडकीत बसते. गालांवर तपकिरी डाग पडलेत आणि दोन वर्षांनी मोठ्या बहिणीपेक्षा मीच थोराड दिसते. रोज रात्री स्क्रबने चेहरा खसाखसा घासते. धूळ छिद्रांत बसून नव्या पेशी येणं थांबतं का?

उत्तर : ताई, ते घासणं आजपासून बंद करा. एवढं एक ऐकलंत तरी मला समाधान वाटेल.

नव्या पेशी येणं थांबलेलं नाही. त्वचेच्या तळाशी त्या रोज तयार होतात, वर सरकतात आणि तरुणपणी साधारण चार आठवड्यांत गळून पडतात. वयानुसार हा वेग मंदावतो. गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडून तयार होणारा ओझोन वायू खोल शिरत नाही, पण वरच्या थरातली स्निग्धता आणि ई जीवनसत्त्व खर्ची पाडतो. डिझेलच्या काजळीला चिकटलेली बेंझोपायरीनसारखी रसायनं मात्र पेशींपर्यंत पोचतात. पेशी त्यांना ओळखतात आणि त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त बनवू लागतात, म्हणून सुरकुत्या. रंगपेशीही चेतवल्या जातात, म्हणून डाग. जर्मनीत सत्तरी पार केलेल्या सुमारे ४०० स्त्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ऊन आणि धूम्रपान यांचा हिशेब धरूनही, जिथे रहदारीची काजळी जास्त तिथे कपाळावर आणि गालांवर डाग जास्त आढळले.

म्हणजे नुकसान करणारा मळ नुसता छिद्रांत बसलेला नसतो. तो घासून काढायला गेलात की त्वचेचं वरचं कवच फाटतं आणि दुसऱ्या दिवशीच्या धुराला वाट मोकळी होते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचे गाल धुरापेक्षा या घासण्यानेच जास्त लाल झालेले असतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

आता तुमची खिडकी. साध्या काचेतून अतिनील ‘ए’ किरणं आत येतात. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा दाट सुरकुतलेला, दुसरा अर्धा कितीतरी नितळ. काजळीतली काही रसायनं अशा किरणांत आणखी दाहक होतात. तुमच्यावर दोन्हींचा मारा एकदमच होतो आहे.

घरी आल्यावर सौम्य क्लीन्झरने एकदाच, बोटांनी चेहरा धुवा आणि तो ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, ‘ए’ किरणंही अडवणारं सनस्क्रीन लावा, शक्यतो त्वचेसारखी रंगछटा असलेलं (टिंटेड). त्याला रंग देणारं आयर्न ऑक्साइड डागांसाठी उपयोगी पडतं. दर दोन तासांनी पुन्हा लावा. मास्क वापराच, तो फुप्फुसांसाठी.

डाग फिके व्हायला काही महिने लागतील. मात्र एखादा डाग आकार किंवा रंग बदलू लागला, किंवा त्यातून रक्त आलं, तर क्रीम लावत बसू नका, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.