‘खालच्या गटात’ बसवलेला ओम

“मॅडम, तो चौथीत आहे आणि वजाबाकीला तिसरीच्या मुलांबरोबर बसवतात. मागच्या वर्षी गणितात ब-१ होता हो!”

पातळीनुसार गट करणाऱ्या शाळांतल्या पालकांकडून ही तक्रार सतत येते. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि अंकगणित पक्कं यावं, हे त्याचं २०२६-२७ पर्यंतचं लक्ष्य. मूल कुठल्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला नेमकं काय येतं, याला त्यामुळे महत्त्व आलं. पालकांच्या कानावर मात्र एकच शब्द पडतो : खालचा.

आधी ब-१ चं पाहू. ही श्रेणी ७१ ते ८० टक्क्यांची. आकृत्या, मोजमाप, बेरीज यांत मूल चांगलं असेल, तर एक कौशल्य पूर्ण कच्चं असूनही ब-१ मिळतो. श्रेणी सरासरी दाखवते, भोक दाखवत नाही.

ओमच्या (नाव बदललं आहे) वहीत ५२ − २७ = ३५ होतं. “निष्काळजीपणा, दुसरं काय!” आई म्हणाली. मी तिला म्हटलं, “ताई, चूक-बरोबर काही बोलू नका. फक्त ‘कसं केलंस?’ एवढं विचारा.”

ओम म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे हा अंदाजाने लिहीत नाही. ह्याने नियमच वेगळा धरलाय.”

इथेच गाठ सुटली. ओमचा नियम ५८ − २३ ला बरोबर उत्तर देतो, त्यामुळे चूक वर्षभर लपून राहिली. अशा मुलाला घरी पन्नास गणितं घातली, तर चुकीचा नियमच घोटला जातो. मदत द्यायची ती जिथे पाय अडलाय तिथेच, असं वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारे आम्ही शिक्षक मानतो. म्हणून ओमसाठी तिसरीची मुलं असलेला तो गट मला योग्यच वाटला.

घरी करायचं ते असं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या. त्यातून २७ मागायच्या. गठ्ठ्याचं रबर मुलानेच सोडायचं, आपण नाही. मग चार गठ्ठे आणि १२ सुट्या होतात. सात सुट्या काड्या आणि दोन गठ्ठे काढले की २५ उरतात. काही दिवसांनी काड्यांऐवजी वहीत चित्र, आणि शेवटी नुसते अंक. पालक दुसऱ्याच दिवशी अंकांवर उडी मारतात, तिथे सगळं फिसकटतं. रोज दहा मिनिटं आणि चार गणितं पुरेत. त्यातलं एक दशक न सोडता सुटणारं हवं, नाहीतर मूल गरज नसतानाही गठ्ठा सोडू लागतं. ४०३ − १६८ सर्वांत शेवटी घ्यावं : तिथे दशकच नाही, आधी शतकाचे दहा दशक करावे लागतात.

शाळेत जाऊन “त्याला वरच्या गटात घ्या” म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. नेमकं कोणतं कौशल्य अडलंय? ते कशावरून ठरवलं? पुन्हा कधी तपासणार? ओमच्या आईने विचारल्यावर कळलं की मराठी वाचनात तो सर्वांत पुढच्या गटात आहे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! शाळा इथे कमी पडतात.

गट कौशल्यापुरता आणि तात्पुरता असेल तरच त्याला अर्थ. मूल सगळ्या विषयांत एकाच गटात असेल आणि दिवाळीनंतरही यादी तीच असेल, तर ती जुनी ‘ढ’ मुलांची तुकडीच, नवं नाव लावलेली. तेव्हा वही घेऊन वर्गशिक्षकांना जरूर भेटा आणि मागच्या तपासणीची नोंद दाखवायला सांगा.