रुसलीस का गं?

“मॅडम, मी महिनाभर फेसबुक-इन्स्टाग्राम बंद ठेवलं तर माणसं तुटतील का?” समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. उत्तर देताना मला सांगलीच्या एका ताई आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या आल्या तेव्हा सगळं बंद करून दहा दिवस झाले होते. कारण साधं होतं, पण जिव्हारी लागलेलं. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आणि वहिनी महाबळेश्वरला गेले, हे त्यांना वहिनीच्या स्टेटसवरून कळलं. “मला एका शब्दानं सांगितलं नाही.” त्याच रात्री त्यांनी ॲप काढून टाकली, व्हॉट्सॲपवरचे घरचे ग्रुपही सोडले. मग वाट पाहिली. कुणाचाच फोन आला नाही. “म्हणजे मी असून नसून सारखीच ना?” एवढं म्हणून त्या रडायला लागल्या.

मी विचारलं, “बंद करताय हे कुणाला सांगितलं होतं?”

नव्हतं सांगितलं.

पुढच्या वेळी यजमानही आले आणि दुसरी बाजू कळली. ताईंची आई त्यांना फोन करून विचारत होती, “ती रुसलीय का? माझं काही चुकलं का?” आत्यानं नातवाच्या बारशाचे फोटो टाकले होते, सगळ्यांनी ‘गोड आहे’ म्हटलं, भाचीचा एक शब्द नाही. आत्या दुखावली होती. इकडे ताई फोनची वाट पाहत होत्या, तिकडे माणसं त्यांचा राग शांत व्हायची.

आपल्याकडे अबोला हे भांडणाचं जुनं हत्यार आहे. न सांगता गप्प झालेलं माणूस विश्रांती घेतंय असं कुणाला वाटत नाही, ते रागावलंय असंच वाटतं. माझ्या मते सोशल मीडियापासून घेतलेल्या सुट्टीमुळे नाती दुखावतात ती बहुतेक वेळा इथेच.

म्हणून आम्ही सुट्टी नव्यानं सुरू केली. मुदत चार आठवडे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम खाती डिलीट न करता तात्पुरती बंद. त्यामुळे फोटो आणि मित्रयादी परत लॉगिन केलं की जशीच्या तशी मिळते. मुलाच्या शाळेसाठी आणि ऑफिससाठी व्हॉट्सॲप चालू. आणि अकरा जणांना एक निरोप: “महिनाभर मी इथे दिसणार नाही. कुणावर राग नाही. आठवण आली तर फोन करा, मीही करेन.” हा निरोप लिहायला त्यांना पाऊण तास लागला. ‘कुणावर राग नाही’ हे वाक्य तीनदा खोडलं, कारण भावावर राग होताच. शेवटी त्याला निरोप पाठवायचा नाही, थेट बोलायचं असं ठरलं.

पहिला आठवडा वाईट गेला. हात सारखा फोनकडे जायचा. मोकळ्या वेळात त्या एकट्याच टीव्हीसमोर बसायच्या आणि मग स्वतःवर चिडायच्या. मी त्यांना अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. 2018 मध्ये काही लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांचा दिवसाला सुमारे तासभर वाचला. त्यातला काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, काही एकट्यानं टीव्ही पाहण्यातही गेला. मनाला थोडं बरं वाटलं, पण थोडंच. चमत्काराची अपेक्षा ठेवली की माणूस आठव्या दिवशी हार मानतो.

दुसऱ्या रविवारी त्यांनी भावाला फोन लावला. बोलणं वडिलांच्या मोतीबिंदूवरून सुरू झालं. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, “महाबळेश्वरचं मला वाईट वाटलं.” तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अगं, वहिनीच्या भावानं आदल्या रात्री ठरवलं. तेव्हाच विचारायचंस ना.”

कॉलेजच्या दोन मैत्रिणींनी निरोपाला उत्तरही दिलं नाही. ताईंनाही नंतर त्यांची फारशी आठवण आली नाही. ते मी तसंच राहू दिलं.

यजमानांचं मात्र अवघड होतं. बायकोनं फोन ठेवला आणि हे शेजारी बसून रील पाहतायत! तेव्हा त्यांच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा विषय निघाला. तिथे 2022 मध्ये गावानं ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. सगळ्यांचे बंद, म्हणून कुणाला आपल्यावरच बंधन आल्यासारखं वाटत नाही. या घरात भोंगा नाही. साडेनऊला दोघांचे फोन फ्रिजवर ठेवायचे ठरले.

एक मात्र कळकळीनं सांगते. फोनच काय, समोरची माणसंही नकोशी झाली असतील, झोप आणि भूक दोन आठवडे बिघडली असेल, तर ही सुट्टी नव्हे. तेव्हा डॉक्टरांना भेटा किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. आणि ज्यांचा परदेशातला मुलगा रोज व्हिडिओ कॉलवरच भेटतो, त्यांनी तो कॉल बंद करायचं काहीच कारण नाही.

महिना संपल्यावर ताईंनी इन्स्टाग्राम पुन्हा सुरू केलं, फेसबुक नाही. बाळाला बघायला त्या आत्याकडे जाऊन आल्या. फोन फ्रिजवर रोज जात नाहीत, आठवड्यातून तीन-चारदा जातात. यजमान म्हणाले, “सध्या एवढं जमतंय.” ताई हसल्या आणि पुढची भेट महिन्यानं ठेवली.